शेंदराखालचा नंबर

गुंडाआबांना जाऊन दोन महिने होत आले, पण त्यांच्या लेकाच्या, जयराजच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. भावकी म्हणायची, फौजी गडी, काळीज घट्ट. घट्ट कसलं डोंबल! त्याला काही वाटतच नव्हतं. आबांना अग्नी देताना वाटलं नाही, दहाव्याला वाटलं नाही, आणि आज आबांची बंदूक पोत्यात गुंडाळतानाही वाटत नव्हतं.

बंदूक पणजोबांच्या वेळची, ठासणीची. तिचा बार ऐकलेलं माणूस आता गावात उरलं नव्हतं. ती बसायची देव्हाऱ्यात. दर खंडेनवमीला आबा तेलात शेंदूर कालवायचे आणि अंगठ्याने नळीवर लिंपायचे. त्यांच्या आधी त्यांचे वडील लिंपायचे. थरावर थर चढून नळी मनगटाएवढी झाली होती, आणि सगळ्यांत वरच्या थरात आबांचा अंगठा उमटला होता, रेघा न् रेघा दिसत होत्या.

परवाना आबांच्या नावाचा. तो वारसाच्या नावावर करायचा तर बंदूक साताऱ्याला नेऊन दाखवायची होती. नळीवरचा नंबर कागदाशी जुळला तर ती घरात राहणार, नाहीतर सरकारजमा. आणि नंबर गाडला गेला होता शेंदराखाली. पूजा करणाऱ्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं.

"खरवडाय लागंल, आये," जयराज म्हणाला.

शालूबाईंनी देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग त्यांनी आबांच्या धोतराचा धुतलेला तुकडा आणून लेकाच्या हातात दिला. "ह्ये असू दे संगं," एवढंच बोलल्या.

साताऱ्यात बंदुका तपासणारा धनाजी नावाचा हवालदार होता. त्यानं पोतं सोडलं आणि कपाळाला हात लावला. "आवं, ह्यो तर मारुतीच केलाय की! मागच्या अंगाला नंबर आसंल. बोटभर जागा मोकळी करा, बास."

जयराज चाकू, रॉकेल आणि धोतराचा तुकडा घेऊन बाहेर पायरीवर बसला. थोडं खरवडल्यावर आकडे दिसायला लागले. तिथंच थांबायचं. पण हात थांबेनात. पलटणीत रोज सकाळी रायफल साफ करून तयार झालेले ते हात. त्यांना अर्धवट साफ केलेलं हत्यार ठाऊकच नव्हतं. ढलपे निघाले, रॉकेल फिरलं, धोतर लालभडक झालं. आबांचा अंगठा त्याच धोतराखाली पुसला गेला. जयराजनं तो जाताना पाहिला, आणि पुढं पुसत राहिला. नळी काळीभोर चकाकल्यावर त्यानं ढलप्यांसकट धोतराचा बोळा केला आणि फाटकाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"वा, फौजी हात!" धनाजी खूश झाला. नंबर जुळला. परवान्याचं काम मार्गी लागलं.

घरी शालूबाई आंघोळ करून, धुवट लुगडं नेसून तयार बसल्या होत्या. पुढ्यात ताम्हण, त्यात हळदकुंकू आणि दोन फुलं.

"नंबर जुळला, आये. बंदूक ऱ्हायली."

त्यांनी नागड्या बंदुकीकडं एकदा पाहिलं, आणि दारातून दिसणाऱ्या नदीच्या वाटेकडं. "शेंदूर कुठाय?"

"टाकला."

"कुठं?"

"तितंच. कचऱ्यात."

"देवाचं शेंदराचं कवच निघालं की नदीला द्यायचं आसतं रं. तुला काय ठावं न्हवतं व्हय? बांधून आनाय त्येंचं धोतर दिलं व्हतं मी." त्यांचा आवाज चढला नाही. "त्येंचा अंगठा व्हता त्यात, जया."

जयराजला ठाऊक होतं. लहानपणी आबांच्या खांद्यावर बसून मारुतीचं कवच सोडायला तो नदीवर गेला होता. दिवसभर हे त्याला आठवलंच नव्हतं.

शालूबाईंनी त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. नखांत शेंदूर भरला होता. त्यांनी पदराची पिन काढली आणि एकेका नखातला शेंदूर उकरून ताम्हणात झाडू लागल्या. चिमूटभरही होईना, तरी उकरत राहिल्या. मधल्या बोटाला पिन जरा खोल गेली.

"दुखलं का रं?"

"व्हय," जयराज म्हणाला. "लय दुखतंय, आये." आणि हात तसाच मांडीवर ठेवून तो मोठ्यानं रडायला लागला.

"दुसरा हात दे," शालूबाई म्हणाल्या.