घोरणारं ब्लँकेट

आधीच सांगून ठेवते, या गोष्टीतलं ब्लँकेट खरोखर घोरत होतं. माझी नातवंडं म्हणतात, आजी, तुझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागतं. सोडा की. पण ब्लँकेट त्या निम्म्यात टाकू नका.

सगळा घोळ एका शब्दाने झाला. आमचे पाळकसाहेब माणूस देवाचा, पण बोलतात असं, जणू दर शब्दाला भाडं भरावं लागतं. एका रविवारी उपासना संपता संपता ते म्हणाले, "आपल्या गल्लीतल्या टाकेमावशींना कंबरेच्या दुखण्यामुळे जिना उतरता येत नाही. या आठवड्यात प्रत्येकाने त्यांना भेट द्यावी." आणि बसले खाली.

आता भेट द्यावी म्हणजे जाऊन भेटावं, की काही वस्तू द्यावी? पाळकसाहेबांच्या मनात पहिलं होतं. मंडळींनी ऐकलं दुसरं. दुसरं सोपं ना! दुकानात जायचं, वस्तू घ्यायची, दारात ठेवायची, बेल दाबायची आणि पळायचं. आठवडाभर त्या जिन्यावर नुसती पळापळ. प्रभूचं नाव घेऊन माणसं चोरासारखी पळत होती.

मी शुक्रवारी गेले. कुणी काय दिलंय ते बघायला. त्यात लपवायचं काय? मावशी तिसऱ्या मजल्यावर. जिना इतका उभा, की माझा उजवा पाय दुसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा डावा अजून खाली शेजारणीशी गप्पा मारत होता. वर दारापुढे ढीग. थर्मास, केळी, गरम पाण्याच्या पिशव्या. मी बेल दाबली.

"ठेवा आणि जा!" आतून आवाज आला.

"ठेवायला काही आणलं नाही. बसायला आलेय."

आत खुर्ची करकरली.

"हात हलवत आलीस?"

"हो."

"देव तुझं भलं करो. ढकल दार, उघडंच आहे."

टाकेमावशी म्हणजे आमच्या गल्लीची शिवणकामवाली. आख्ख्या गल्लीच्या उसवलेल्या जागा तिने शिवल्या, म्हणून टाकेमावशी. खिडकीशी तिचं मशीन, मशीनशी तिची खुर्ची. मशीनवर ओळीने सात थर्मास. आणि पलंगाशेजारी एक मोठी पत्र्याची पेटी, भरलेली, बंद केलेली.

"ही कशाला गं?" मी विचारलं.

"रविवारी दुपारी भाचा येतोय गाडी घेऊन. त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे. तिथे ठेवणार मला."

"तुला जायचंय?"

ती मशीनच्या चाकावरून हात फिरवत राहिली. "हे नेता येणार नाही म्हणे. जागा नाही."

"मी मशीनचं नाही विचारलं, टाके. जायचंय का?"

"नाही गं बाई. पण इथे आहे कोण? हे सात थर्मास. बोलते मी त्यांच्याशी. पण थर्मास उलट बोलत नाही, सगळं पोटात ठेवतो. तिथे निदान शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकेल तरी."

मला तिथल्या तिथे खोकला काढून दाखवावासा वाटला. पण मी एकटी किती खोकणार? माणसं हवी होती. आणि माणसं जिना चढायची तर त्यांच्या नाकाला काहीतरी वास द्यायला हवा.

जाता जाता मी दारातला ढीग आत ओढला आणि कुठली भेट कुणाची ते चिठ्ठ्यांवर नीट बघून घेतलं. ब्लँकेट पाववाल्याचं. भिंतीवरचं घड्याळ नळवाल्याचं. आणि आमच्या मास्तरीणबाईंनी काय द्यावं? फिरायला जायचे बूट! जिला जिना उतरता येत नाही तिला!

रविवारी चर्चमध्ये मी नळवाल्याच्या शेजारी जाऊन बसले. बिचारा रात्रभर कुणाच्या तरी तळघरात फुटलेला पाइप धरून बसला होता. डोळे मिटत होते, पँटचा एक पाय खाली उसवून लोंबत होता.

"तुझ्या घड्याळाने घोटाळा केलाय," मी कानात म्हटलं. "उलटं चालतंय. मावशी रोज एकेक वर्षाने तरुण होतेय. केस काळे झाले. काल तिला एक स्थळ सांगून आलं."

"काहीतरीच काय आजी!" पण त्याचे डोळे उघडले.

गाणं सुरू झालं तशी मी पाववाल्याकडे सरकले. "तू दिलेलं ब्लँकेट घोरतं रे."

"ब्लँकेट?"

"लोकरीचं आहे ना? मेंढी झोपलेली असताना लोकर काढली असणार. परत कर दुकानात."

मास्तरीणबाईंना गाठलं दारात. "तुमचे बूट तेवढे आवरा. रोज पहाटे आपले आपण फिरायला जातात. परत येतात तेव्हा चिखल. मावशीने फरशी पुसायची तरी किती?"

"आजी, वयाला शोभत नाही हे."

"बुटांना सांगा."

तिघांनीही विश्वास ठेवला नाही. पण मी नेमकं कुठे खोटं बोलतेय ते बघितल्याशिवाय राहवेल कुणाला? आणि प्रभूला मी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हटलं, तू कधी कुणाच्या दारात टोपली ठेवून पळाला नाहीस. आत गेलास, बसलास, जेवलाससुद्धा. तेव्हा यांना आत घालायला मी काय करते तिकडे जरा काणाडोळा कर.

नळवाला पहिला पोचला. मी त्याच्या मागोमाग. घड्याळ सरळ चालत होतं, मावशीचे केस पांढरेच.

"कुठे आहे स्थळ?" त्याने विचारलं.

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग त्याच्या पायाकडे. "स्थळ राहू दे. ही काय अवस्था पँटची? जिन्यात पाय अडकून मेला असतास. काढ."

"काय?"

"पँट काढ! लहानपणी तुझी चड्डी मीच शिवलीय, लाजतोस काय? त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून बस."

बिचाऱ्याने दाराआड जाऊन पँट उतरवली आणि ब्लँकेट डोक्यापर्यंत ओढून पलंगाच्या कोपऱ्यात बसला. पँट मावशीच्या मांडीवर. पण सुई? सुईदोऱ्याचा डबा पेटीच्या तळाशी.

"काढ गं सगळं," मावशी मला म्हणाली.

मी कशाला थांबते! लुगडी, चादरी, चष्म्याची घरं, बायबल, सगळं बाहेर. डबा सापडेपर्यंत पेटी रिकामी. मावशीने मशीनवरचे थर्मास एकेक करून जमिनीवर ठेवले, दोरा ओवला. मशीनचं पायडल तिला जमेना, तर मी खाली बसून हाताने हलवलं. धडधड सुरू झाली.

तेवढ्यात दारात पाववाला आणि मास्तरीणबाई. आणि पलंगावरून आवाज आला. घर्रर्र... फूस्स... घर्रर्र...

पाववाल्याचा चेहरा पिठासारखा पांढरा. "आजी... खरंच घोरतंय!"

रात्रभर जागलेला नळवाला आत गाढ झोपला होता. बाहेर दिसत होतं ते फक्त ब्लँकेट.

मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, "हळू बोल. उठलं तर खायला मागतं."

मी आयुष्यभर थापा मारल्या, पण माझी हार झाली ती त्या दिवशी. मास्तरीणबाई धीर करून पुढे झाल्या, टोक उचललं, आणि आतून उघडा पाय बाहेर आला. त्या किंचाळल्या. नळवाला उठला. पाववाला हसत खाली बसला तो मास्तरीणबाईंच्या बुटांवर.

मग कोण उठतंय? चहा झाला. सातही थर्मास पहिल्यांदा भरले गेले. मावशीने मास्तरीणबाईंना बूट परत दिले, "तुम्ही घाला आणि रोज इथपर्यंत फिरायला या," म्हणाली. पाववाल्याच्या एप्रनला खिसे लावायचं ठरलं.

दुपारी भाचा आला. आधी त्याला जिन्यातच हसणं ऐकू आलं, मग दारात ब्लँकेट गुंडाळलेला माणूस दिसला.

"मावशी? निघायचं ना?"

मावशीचा हात चाकावर थांबला. मी पुन्हा मशीनखाली बसले होते, तिथेच पायडल धरून ठेवलं.

"आज नाही जमणार रे," ती म्हणाली. "याची पँट माझ्याकडे आहे. असा कसा जाईल तो घरी?"

"मग पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी एप्रन आहे."

"मावशी, तूच म्हणालीस ना, कुणी येत नाही? माझं मन लागत नव्हतं तिकडे." बिचाऱ्याचा आवाज ओला झाला होता. मुलगा चांगला आहे हो.

"म्हणाले होते. तेव्हा कुणी येत नव्हतं." तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शर्टाचं मधलं बटण कुठे टाकलंस? बस इकडे."

बसायला जागा होती कुठे? त्याने रिकामी पेटी उलटी केली आणि तिच्यावर बसला. ती पेटी अजून तशीच उलटी आहे. आलं-गेलं त्यावर बसतं.

पाळकसाहेबांना मी सगळं जाऊन सांगितलं, थोडं वाढवून. शब्दाचा घोळ ऐकून ते बरेच खजील झाले. पुढच्या रविवारी त्यांनी शब्द बदलला. म्हणाले, "शेवटच्या घरातले म्हातारे सुतारकाका अंथरुणावर आहेत. सर्वांनी त्यांचा समाचार घ्यावा." आणि बसले खाली.

आता समाचार घ्यावा म्हणजे चौकशी करावी, की चांगलं खडसावावं? सुतारकाकांनी गल्लीतल्या प्रत्येकाचं काही ना काही वाकडं करून ठेवलेलं. कुणाचा दरवाजा लागत नाही, कुणाचं टेबल डुलतं. सगळे गेले भांडायला.

पण बसून भांडतात हो. काका उशीला टेकून तावातावाने उलट उत्तरं देतात, गालांवर रंग आलाय. आज माझी पाळी आहे. माझ्या स्टुलाचा एक पाय आखूड आहे, तोच घेऊन निघालेय. तुमच्या जिन्यावर आहे का कुणी असं? मग जा. हात हलवत जा, भांडायला जा, पण आत जाऊन बसा.