तळ्यात पिकलेला मका

मावशींनी त्या सोमवारी राजीनामा दिला. पण तो दिलाच नाही असं समजून पुढे जाऊ. कार्यालयानेही तेच केलं.

मावशी पक्षी-सर्वेक्षण कार्यालयात 'क्षेत्रीय नमुना सहायक' होत्या. घरी त्यांची नणंद या हुद्द्याचा उलगडा करी: "आमची वहिनी बदकांची शी वेचते." वसंतात उत्तरेकडे परतणारी बदकं वाटेत तीनेक आठवडे थांबत. झोपायला तळ्यावर, जेवायला पलीकडच्या शेतात. मक्याची कापणी झाली की तिथल्या खोलगट भागात पाणी साचे. त्यात सांडलेले दाणे आणि अळ्या. पुढच्या लांबच्या उड्डाणाची चरबी बदकं तिथेच साठवत. मावशींना हे वासाने ठाऊक होतं. कुजलेल्या ताटांचा तो वास एकोणीस वर्षं त्यांच्या केसांत, पदरात, चहातसुद्धा होता.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. टेबलावर शीच्या नमुन्यांच्या, चिठ्ठ्या लावलेल्या एकशे चौदा डब्या, साहेबांच्या नाकावर रुमाल.

"मावशी, ह्या चिठ्ठ्यांवरचं 'शेत' खोडा, 'तळं' लिहा."

"का हो?"

"तळ्यावर बदकं बघायला मचाण बांधलंय. लोक गाड्या लावणार कुठे? ते शेत घेतलंय, भराव टाकायचाय. आणि तुमच्या डब्या म्हणतात बदकं तिथे जेवतात. कशाला नसती भानगड?"

"म्हणजे बदकं बघायला येणाऱ्यांच्या गाड्या बदकांच्याच ताटात?"

"ताट कसलं? पडीक जमीन ती."

मावशींनी एक डबी उघडून पुढे धरली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"ही मक्याची सालं. तळ्यात मका पिकतो का, साहेब?"

"पिकेल की. तुम्ही लिहून तर बघा."

एकोणीस वर्षांत मावशींना पहिल्यांदा वास सहन होईना. डबीचं झाकण त्यांनी लावलं, तरी तो जाईना. मग त्यांनी तिथेच उभ्याउभ्या राजीनामा लिहिला. साहेबांनी तो वाचला, "अक्षर छान आहे," म्हणाले आणि त्यावर चहाचा कप ठेवला. "उद्या वेळेवर या."

"राजीनामा दिलास?" घरी नणंद हरखली. "चला, त्या डब्यांनी भरलेला फ्रिज मोकळा झाला! वासही गेला."

"वाढलाय," मावशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर गेल्या. डब्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं.

चिठ्ठ्या त्यांनी बदलल्या नाहीत. तशी गरजच पडली नाही. साहेबांनी डब्याच धुवून घेतल्या. आता त्यांत टाचण्या असतात.

पुढच्या वसंतात बदकं आली. शेताच्या जागी झालेल्या गाडीतळावर तीन घिरट्या घालून पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उतरली आणि डांबरात चोची मारू लागली. मचाणावरचे लोक दुर्बिणी तळ्याकडे लावून बसले होते. मावशी कार्यालयाच्या गाडीखाली वाकल्या. बदकांची शी म्हणजे नुसतं पातळ, हिरवं पाणी, त्यात सालाचा तुकडा नाही. घरून आणलेल्या डबीत त्यांनी ते भरलं, चिठ्ठीवर लिहिलं, 'ठिकाण: शेत', आणि सोबत अर्ज जोडला:

'महोदय, सदर बदके उपाशी असून त्यांचा पुढील प्रवास लांबचा आहे. तरी सदर शेत, साचलेले पाणी व सांडलेले दाणे यांसह, होते त्या जागी पूर्ववत करून मिळावे. ते शक्य नसल्यास, येथील जेवण बंद झाल्याचे बदकांना निघण्यापूर्वी लेखी कळविण्यात यावे, ही विनंती.'