एक घडलेलं, एक रचलेलं

दीक्षानं पोत्याची सुतळी दातांनी तोडली आणि पोतं ओसरीवर पालथं केलं. पुस्तकं घसरत खांबापर्यंत गेली. रत्नपालनं काल दिवसभर खपून बांधलेल्या नऊ पोत्यांपैकी हे चौथं.

"ताई, काय करून राहिली तू?" तो दारातच थबकला. "अकराला टेम्पो येतो. फुलसिंग डोंगरकडा गावाहून निघाला बी असंल."

"येऊ दे."

"चारचौघांत शब्द दिलाय. भन्तेजींच्या समोर."

"तू दिलास," ती म्हणाली आणि एक पुस्तक उचलून थेट शेवटचं पान उघडलं.

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात रत्नपालनं माईक हातात घेऊन जाहीर केलं होतं, की शेषराव गुरुजींची सगळी पुस्तकं तालुक्याच्या मुलींच्या वसतिगृहाला दान. टाळ्या वाजल्या. दीक्षानंही वाजवल्या. दानाला तिची ना नव्हती. पण त्याआधी तिला दोन पुस्तकं हवी होती, आणि ती कोणती हे तिला ठाऊक नव्हतं.

सोलापूरच्या कॉलेजात नोकरीला लागल्यापासून, गेली चौदा वर्षं, दर महिन्याला बाबांकडून तिला दोन पुस्तकं यायची. "एक घडलेलं, एक रचलेलं," बाबा म्हणायचे. नुसतं घडलेलं वाचून माणूस कोरडा होतो आणि नुसतं रचलेलं वाचून अधांतरी राहतो, असं त्यांचं मत. रविवारच्या पुरवणीतली कात्रणं, चौदा एप्रिलला मैदानात लागणारे पुस्तकांचे गाळे, नांदेडच्या दुकानदाराला केलेले फोन, कुठून कुठून ते नवं काही हुडकून काढायचे. आधी स्वतः वाचायचे. लेकीजोगं वाटलं तर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं 'दी' लिहायचे, मग पार्सल. मधमाश्यांवरचं पुस्तक असंच आलं होतं. ज्या वर्षी तिचा संसार मोडला, त्या वर्षी एका पोस्टमनच्या बायकोची कादंबरी आली. चिठ्ठी नाही, काही नाही. ती कादंबरी तिनं तीनदा वाचली होती. वाचून झालेली पुस्तकं दिवाळीला परत आणून ती याच कपाटात लावायची.

या महिन्याचं पार्सल आलं नव्हतं. मागच्या आठवड्यात दोन दिवस सोलापूरला जाऊन आली तेव्हा ती पुस्तकांच्या दुकानात तासभर उभी राहिली आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडली. काय वाचावं हेच तिला ठरवता येईना.

म्हणजे 'दी' लिहिलेलं आणि आपण न वाचलेलं. एवढंच शोधायचं होतं.

"सव्वादहा," रत्नपाल म्हणाला. तिनं बाजूला टाकलेली पुस्तकं तो पुन्हा पोत्यात भरू लागला. "तुला काय पाह्यजे ते सांग, मी हुडकतो. पण पसारा नको. ही पुस्तकं इथं ठिवून वाळवीच खाणार. मला दुकानातून टाइम न्हाई. आन् आईला काय उपयोग त्याइचा? तिची गाडी तर 'ढ'पाशीच अडली!"

दीक्षाला नको असतानाही हसू आलं. घरातला जुना विनोद होता तो. लहानपणी बाबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं आईला मुळाक्षरं गिरवायला द्यायचे, आणि ही दोघं भावंडं दाराआडून खिदळायची. पुढं पाहुण्यारावळ्यांनाही ते सांगून झालं. आईनं सही शिकून घेतली आणि भिंत पोतेऱ्यानं पुसून टाकली.

आई अंगणात हळदीच्या ढिगाशी बसली होती. गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं. रत्नपालचं बोलणं ऐकूनही तिनं मान वर केली नाही. मात्र सकाळपासून तिनं आपलं बसायचं पोतं तीनदा हलवलं होतं, आणि दर खेपेला ती ओसरीच्या जवळच आली होती.

पाचवं पोतं. सहावं. 'दी' सापडत होता, पण सगळी वाचलेली. अलीकडच्या पुस्तकांवरचा 'दी' मोठा होता, वेलांटी वेडीवाकडी, पेन्सिल इतकी दाबलेली की कागदाला मागून वळ उठला होता. पानांचे कोपरे पिवळे पडले होते. एकदा फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, कपाटाला पडदा लावा, पुस्तकांवर हळद बसते." तेव्हा ते खूप वेळ हसले होते.

"हात किती थरथरत होता त्यांचा," ती म्हणाली.

रत्नपालनं सुतळीची गाठ मारली. मग सोडली. पुन्हा मारली.

"हात न्हाई, ताई. डोळे."

"काय?"

"शुगरनं गेले. माणूस दिसायचा, अक्षर दिसंना. दोन वर्षं झाली. तू आली की पेपर तोंडापुढं धरून बसायचे. तुला सांगू नको म्हणले, लेकरू तिकडं लांब हाय, जिवाला घोर लावून घेईल."

दीक्षा हातातल्या पुस्तकाकडं पाहत राहिली. पोस्टमनच्या बायकोची कादंबरी होती ती. गेल्याच वर्षीची.

"मग हे कोणी वाचलं?"

"कोणी दाखवत असंल वाचून. मी दिवसभर दुकानात, मला काय म्हाइत."

"दोन वर्षं मला पुस्तकं कोण निवडत होतं, रत्नपाल?" तिचा आवाज चढला. "कोण? गावातला कोणी? माझं काय चाललंय ते त्याला सांगत होते का बाबा?"

"माझ्यावर काहून ओरडती?"

ती ओसरीच्या कडेला आली. "आई, बाबांना वाचून दाखवायला कोण यायचं गं?"

आईनं एक गड्डा उचलला, फिरवून पाहिला आणि होता त्याच ढिगात ठेवला.

"चहा ठिवू का?" ती म्हणाली.

तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. फुलसिंगनं गाडी मागं घेत थेट अंगणाच्या तोंडाशी लावली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उडी मारली.

"जय भीम, काकू! बसा, बसा, तुमी नका उठू." पहिलं पोतं त्यानं खांद्यावर घेतलं आणि गुडघ्यात वाकला. "आयला! गुरुजींची पुस्तकं म्हंजी हळदीच्या भरल्या कट्ट्याहून जड. एवढं समदं मावलं कसं हो त्याइच्या डोक्यात?"

कोणी हसलं नाही. त्यानं भावाबहिणीकडं आळीपाळीनं पाहिलं आणि तो पोती चढवू लागला. रत्नपाल घाईघाईनं पसारा भरत होता. दीक्षा त्याच्या हातातून एकेक पुस्तक ओढून घेत शेवटचं पान बघत होती. एक पुस्तक दोघांच्या हातून निसटून फुलसिंगच्या पायाशी पडलं. त्यानं ते उचलून कपाळाला लावलं, आणि मग उघडून पाहिलं.

"पुस्तकालाबी हळद?"

"अंगणातली धूळ," रत्नपाल म्हणाला.

"धूळ न्हाई, भाऊ. वीस वर्षं हळद वाहून राहिलो मी. धूळ वरून बसते, समदीकडं बराबर. ही निस्ती खालच्या कोपऱ्याला हाय." त्यानं अंगठा त्या डागावर टेकवून दाखवला. "हे बोट हाय."

दीक्षानं पुस्तक घेतलं. एक पान उलटलं. मग दुसरं, तिसरं. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात तोच लांबट पिवळा ठसा, फिका, पण चुकत नव्हता. तो शेवटच्या पानापर्यंत गेला होता, वेड्यावाकड्या 'दी'पर्यंत.

तिनं मान वर केली. आई उभी होती. दोन्ही हात पदराखाली.

फुलसिंगनं शेवटचं पोतं उचललं.

"थांब रं," आई म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता, की तो दोन पावलं पुढं गेला आणि मग थांबला.

"त्या पोत्यात मातकट रंगाचं एक हाय. बोटभर जाडीचं. विहिरी खंदणाऱ्या लोकाइचं." ती जमिनीकडं पाहून बोलत होती. "घडलेलं हाय. बारा पानं ऱ्हायली माझी."

रत्नपालच्या ओठांवर सवयीचं हसू आलं, आणि तिथंच राहिलं. ते कुठं न्यावं हे त्याला कळेना.

"आई... काहून सांगितलं न्हाई?"

"पुढलं त्याइनं तुमी निजल्यावर शिकवलं. तुमी हसले असते," ती म्हणाली.

फुलसिंगनं पोतं हलकेच खाली टेकवलं. या वेळी दीक्षानं सुतळी तोडली नाही. बोटांनी गाठ सोडवली, वेळ लागला. मातकट पुस्तक मधोमध होतं. त्यात खूण म्हणून हळदीच्या वाळक्या पानाची पट्टी घातली होती. तिनं शेवटचं पान उघडलं. कोपरा कोरा होता.

"यावर 'दी' नाही."

"संपल्याबिगर कसं लिहू?"

रत्नपालनं मोबाइल पाहिला. "वसतिगृहाची माणसं वाट पाहून राहिली," तो म्हणाला. पण कोणाला सांगावं हे न कळल्यासारखा. फुलसिंगनं केबिनमध्ये हात घालून चावी फिरवली. इंजिन बंद झालं तेव्हा अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

आईनं हात पदराला पुसले. पिवळेपणा गेला नाही. हळदीच्या सुपाखालून तिनं चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि पायरीवर बसली. सकाळपासून तो तिथंच होता.

दीक्षा तिच्या शेजारी टेकली. आईचं बोट ओळीखालून सरकत होतं, ओठ हलत होते. एखाद्या शब्दापाशी बोट अडायचं, मागं यायचं, पुन्हा निघायचं. अर्धं पान झालं.

"आणि रचलेलं कोणतं, आई?" दीक्षानं हळूच विचारलं.

"गप बस," आई म्हणाली. "वाचू दे."