साठातले तीन इंच

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण मी एकदा हत्तीची कंबर मोजली आहे. त्याला विजार शिवायची होती. कापड कमी पडलं, म्हणून बेत राहिला.

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तशी, पिवळी, साठ इंची. म्हणजे जन्माने साठ इंची. माझे पहिले तीन इंच त्या हत्तीने खाल्ले, असं आमचे आजोबा गिऱ्हाइकांना सांगत. खरं तर गप्पांच्या भरात त्यांनीच कापडाबरोबर मलाही कात्री लावली होती.

"नवी घ्या की," गिऱ्हाइकं म्हणत.

"उरलेल्या सत्तावन्न इंचांनी माझं काय घोडं मारलंय?" आजोबा विचारत. दुसऱ्या कुणी मला चिंध्यांत टाकलं असतं. त्यांचे उपकार मी कसे विसरू?

तेव्हापासून मी सगळ्यांना तीन इंच वाढवून सांगते. आजोबा मनातल्या मनात तीन वजा करून मापाच्या वहीत लिहीत. हे फक्त त्यांच्या नातीला ठाऊक होतं. "ही थापाडी आहे," ते तिच्या कानात म्हणाले होते, "पण कुणाला सांगू नकोस. तिला वाईट वाटेल."

दर वाढदिवसाला ते तिची उंची मोजून फ्रॉक शिवत. ती टाचा उचलायची; ते खोकून छताकडे बघायचे.

मग आजोबा वारले. आईने नातीला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगितलं, की त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, आणि यात कुणाचीही चूक नाही. नात रडली नाही. तिने फक्त 'आजोबा' हा शब्द उच्चारायचं सोडलं. मी दोन महिने मशीनच्या खणात गुंडाळून पडले. मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू अशा कोंडून ठेवू नका. आम्हाला बाहेर काढा, हाताळा, खुशाल आम्हाला हसा.

वाढदिवस आला. आई बँकेत कामाला. तिचं शिवणकाम बटण लावण्यापुरतं. तरी म्हणाली, "यंदा फ्रॉक मी शिवते."

"नको. वाकडा होईल."

"होऊ दे. लोक मलाच हसतील, तुला नाही."

नात भिंतीला टेकून उभी राहिली. टाचा जमिनीलाच. आईने मला पायापासून डोक्यापर्यंत ताणलं, आणि मी जुन्या सवयीने ठोकून दिलं.

"एक्कावन्न," आई म्हणाली. तिने वही उघडली. "गेल्या वर्षी सेहेचाळीस. अगं, वर्षात पाच इंच वाढलीस?" आणि कापडावर खूण करायला खडू उचलला.

नातीने माझ्या कापलेल्या टोकाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू एकदमच आलं.

"आई, थांब. तीन वजा कर. ही थापाडी आहे, मला आजोबांनी सांगितलंय."