वीज गेलेल्या शनिवारची बिडाची हंडी

मी एक जुनी हंडी आहे, मित्रांनो. बिडाची आहे आणि झाकणासकट साडेसात किलोंची. मला उचलायला दोन्ही हात लागतात, आणि त्याचा मला अभिमान आहे.

ओहायोतल्या एका ओतशाळेत वाळूच्या साच्यातून मी बाहेर आले. माझ्या झाकणाला आतून बारीक टेंगळं आहेत. शिजताना वाफ त्यांवर जमते आणि थेंब थेंब होऊन पुन्हा मांसावर पडते. माझी खरी करामत त्यातच आहे. पहिल्या मालकिणीने मला तीस वर्षं राबवलं. ती गेल्यावर तिच्या मुलाबरोबर मी पश्चिम किनाऱ्याकडच्या रेडमंड गावी आले. त्याने माझ्यात खिळे भरले आणि मला गॅरेजच्या फळीवर ठेवून दिलं. तिथल्या ओल्या हिवाळ्यांत मी गंजून तांबूस झाले. एकदा त्याने जुनं सामान विकायला मांडलं, तेव्हा इला साळवेने मला घेतलं. जाड मिठाने घासघासून तिने गंज उतरवला, तेल चोळलं आणि तीनदा ओव्हनमध्ये तापवलं. मी पुन्हा काळीभोर झाले.

इला म्हणजे विक्रम आणि नंदा साळवे यांची मुलगी. तिचा जन्म इकडचाच. चांगली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून तिने स्वयंपाकाचं काम धरलं, त्याला आठ महिने झाले होते. विक्रम स्वतः तीस वर्षं इंजिनियर. ते भांडले नाहीत, फक्त तिच्या कामाबद्दल विचारायचे थांबले. जेवताना बापलेक पावसापाण्याबद्दल बोलत.

गावातल्या एका छोट्या कॅफेची मालकीण होती रूथ. तिचे गुडघे थकले होते आणि तिला स्वयंपाकघर कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी सहाला ती इलाच्या हातचं जेवायला येणार होती. इलाने बेत ठरवला तो काळ्या बिअरमध्ये मंद शिजवलेल्या बीफच्या बरगड्यांचा. साळवे नगरकडचे ख्रिस्ती, बीफ त्यांच्या घरात नवं नव्हतं. बिअर घालून मात्र ते कधी शिजलं नव्हतं.

दुपारी तिने माझ्यात बरगड्या सगळ्या बाजूंनी लालसर परतल्या. मग कांदा, गाजर, लसूण, तमालपत्र घातलं, वरून काळी बिअर ओतली, झाकण लावलं आणि मला ओव्हनमध्ये ठेवलं. तेवढ्यात बाहेर वाऱ्याने जोर धरला. कुठेतरी झाड तारांवर पडलं आणि दोनच्या सुमाराला सगळ्या गल्लीची वीज गेली. ओव्हन थंडावू लागला. ओट्यावरचा नवा कुकरही आपले हिरवे आकडे मिटून गप्प बसला.

इलाने फोन उचलला. रूथला कॅन्सल कळवते, असं ती आईला म्हणाली. नंदा काही बोलणार, तोच बैठकीतून विक्रम आले. ऊब यावी म्हणून त्यांनी तिथली धुराडं असलेली, लाकडांची बंद लोखंडी शेगडी नुकतीच पेटवली होती.

"थांब," ते म्हणाले. "टेम्परेचर किती हवंय?"

"तीनशे फॅरनहाइट. चार तास, एकदम स्टेडी. But Baba, त्या शेगडीला डायल नाहीये."

"मी आहे ना."

त्यांनी मला दोन्ही हातांनी उचलून शेगडीवर नेऊन ठेवलं. पहिला अर्धा तास त्यांचा अंदाज चुकला. जाळ मोठा झाला, रस खदखदून आटू लागला. इलाने चमच्याने चव घेतली आणि तिचा चेहरा उतरला. बिअर फार आटली की कडू होते, हे तिने त्यांना समजावलं. विक्रमने निखारे बाजूला सारले, हवेची झडप अर्धी मिटली आणि माझ्याखाली लोखंडी तिवई सरकवली. इलाने आणखी थोडा कांदा, पाणी आणि बोराएवढा गूळ घातला. मग माझ्या पोटात कसं शांत, एकेक बुडबुडा येऊ लागला.

विक्रम चार तास तिथून हलले नाहीत. बारीक लाकडं एकेक करून घालत राहिले. मांस शिजलं हे कसं कळतं, असं त्यांनी मध्येच विचारलं. हाड हातात सैल लागलं की झालं, असं इलाने सांगितलं. मग ते विचारत गेले आणि ती सांगत गेली. आठ महिन्यांचं साचलेलं बोलणं त्या दुपारी झालं.

सहाला रूथ टॉर्च घेऊन आली. सँडविचवर भागवावं लागेल, असं ती धरून चालली होती. नंदाने मेणबत्त्या लावल्या आणि निखाऱ्यांत भाजलेले बटाटे वाढले. इलाने माझं झाकण उघडलं. मांस हाडापासून अलगद सुटलं होतं आणि रस तुकतुकीत काळा झाला होता. रूथ मन लावून जेवली. ताटलीत राहिलेला रस तिने पावाने पुसून खाल्ला.

"वीज असताना कुणीही शिजवेल," शेवटी ती म्हणाली. "सोमवारी सकाळी सातला कॅफेत ये."

इलाच्या आधी विक्रमनेच विचारलं, "आमची ही हंडी आणली तर चालेल ना?"

आता दर शनिवारी कॅफेत माझ्या बरगड्यांसाठी माणसं थांबतात. खरं सांगते, तेव्हा मी जरा फुगते. विक्रमही येतात. सगळे जेवून गेले की मला गरम पाण्याने धुतात, कोरडी करतात, तेलाचा हात फिरवतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं बिडाचं भांडं असेल, तर त्याला ओलं ठेवू नका, फळीवर टाकून विसरू नका. कोरडं फडकं, थेंबभर तेल आणि रोजचं काम, आम्हाला एवढंच पुरतं. गंज आपोआप चढतो. उतरवायचा म्हटलं की मात्र कुणाला तरी हात काळे करावे लागतात.