सतरा काळ्या वायरी

गाडी वायरिंगच्या दुकानाच्या दारात येऊन थांबली आणि वायरवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरवी, लांब नाकाची, पन्नास-साठ वर्षांची ती जुनी गाडी तिनं अठरा वर्षांनी पाहिली, पण एका नजरेत ओळखली. ओळखणार नाही तर काय! तिच्या वडिलांनी नऊ वर्षं खपून ती गंजलेल्या सांगाड्यातून उभी केली होती. आणि स्टिअरिंगमागून उतरला तो त्यांचा जुना भागीदार. लहानपणी ती त्याला काका म्हणायची. जिभेला सवय म्हणून अजूनही काकाच. मनात जे म्हणायची, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"अगं, तू होय!" काका म्हणाला. "एवढी मोठी झालीस? बाबा बरे आहेत ना? सांग त्यांना, विचारलं म्हणून."

विचारलं म्हणून! काय माणूस तरी! गाडी रंगून तयार झाली त्याच आठवड्यात ह्यानं गॅरेजचं कुलूप बदललं होतं. गाडीचे कागद त्याआधीच गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतले होते. मग वर्तमानपत्रात फोटो आला. बॉनेटवर कोपर टेकून हा एकटा, आणि खाली ह्याचेच शब्द: सगळं काम मी स्वतःच्या हातांनी केलं, पाने-पकडी उचलून द्यायला तेवढा एक माणूस ठेवला होता. वडिलांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि पेपरची घडी घालून परत दिली. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच गाडीला हात लावला नाही. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत जायचंही सोडलं.

वायरवालीला ना गाडी हवी होती, ना तसला फोटो. ह्या माणसानं चार लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं सांगावं की गाडी कुणी केली, बस. त्यासाठी हा आपल्या पायांनी चालत दुकानात येईल, असं मात्र तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"काय काम काढलंत?" तिनं विचारलं.

काम असं, की जुन्या गाड्यांच्या क्लबात काकाचं नाव सगळ्यात मोठ्या मानासाठी गेलं होतं. तो मान गाडी विकत घेणाऱ्याला नाही, आपल्या हातांनी जुळवणाऱ्याला मिळतो. आणि यंदा परीक्षक बाई भलत्याच कडक. वरची चकाकी पुरे झाली म्हणाल्या, डॅशबोर्ड काढा आणि मागचं काम दाखवा. परवा सकाळी अकराला त्या येणार. दुपारी चारला गाड्यांची मिरवणूक, तिच्यात काकाची गाडी सगळ्यात पुढे.

"तीन इलेक्ट्रिशियन बघून गेले," काका म्हणाला. "म्हणे ह्यात हात घालणार नाही. एकेक नग! तू डॅशबोर्ड काढ, आतलं साफ कर, बाई बघून गेल्या की परत बसव. तपासणी तुझ्याच दुकानात ठेवू."

"काढते की," वायरवाली म्हणाली. इतक्या गोड आवाजात ती सख्ख्या आईशीही कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं बॅटरीची तार सोडली, स्टिअरिंगचं चाक उतरवलं आणि पाय सीटवर, डोकं खाली अशी उताणी होऊन गाडीत शिरली. चोकची मूठ फिरवून काढली, स्पीडोमीटरची केबल मागून सोडली, खालच्या कडेचे चार स्क्रू काढले. एवढं कुणीही करील. पण तेवढ्यानं डॅशबोर्ड हलत नाही. दोन नट ॲशट्रेच्या मागे दडवलेले आहेत, ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनी चाचपावे लागतात. तिची बोटं बरोबर तिथे गेली. लाकडी फळी सुटून अलगद तिच्या पोटावर उतरली. ती फळी म्हणजे त्यांच्या घरच्या कपाटाचं दार. आईनं त्यावरून पंधरा दिवस अबोला धरला होता.

मागे सतरा वायरी, आणि सगळ्या काळ्या. वडिलांना लाल-हिरवं वेगळं ओळखू यायचं नाही. भागीदार टिंगल करील म्हणून हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही, आणि स्वतःची एक रीत काढली. प्रत्येक वायरीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला गाठी. घरात सकाळी पहिलं कोण उठतं? आई. म्हणून एक गाठ चावीच्या वायरीला, तिच्याशिवाय काही सुरूच होत नाही. दुसरे वडील, उठल्याबरोबर गल्ली हादरेल असे खोकायचे, म्हणून दोन गाठी हॉर्नला. डोळे चोळत उठणाऱ्या लेकीच्या तीन गाठी वायपरला. चौथा तिचा भाऊ, डोळे उघडायच्या आधी खायला मागायचा, तो पेट्रोलचा काटा. घरची माणसं संपली की शेजारी, शेजारी संपले की गल्लीतली कुत्री. गाठी वायरवालीनंच मारल्या होत्या, बारा वर्षांची असताना, वडील खालून ओरडून सांगतील तशा.

दुपारी काका आला आणि मान वाकडी करून आत डोकावला. "हे दोरे कसले गं?"

वायरवाली बघतच राहिली. ह्याला माहीतच नाही! नऊ वर्षं एका छपराखाली काढली आणि हा बहाद्दर एकदाही डॅशबोर्डखाली शिरला नव्हता.

"वायरींना बांधलेत," ती म्हणाली. "पहिल्यापासून आहेत." ह्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"काढून टाक ती घाण. बाई म्हणतील, गाडी आहे की शिंप्याचं दुकान!"

"नक्की काढू? नंतर जोडताना अडचण…"

"मी केलीय ना ही गाडी? मग मला नको शिकवू. सगळे दोरे काढ, वायरी पुसून घे आणि एका ओळीत लटकव."

तिनं कात्री आणली आणि त्याच्या डोळ्यांदेखत दोरे कापायला घेतले. एका दोऱ्यावर तीन गाठी दिसल्या तेव्हा हात अडखळला. स्वतःच्या लहानपणीच्या बोटांनी मारलेल्या गाठी त्या. क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे, सांगून टाकावं.

"तुझ्या बाबांचे उद्योग असणार," मागून काका म्हणाला. "पाने हातात द्यायला ठेवला होता, तर नसता पसारा करून ठेवायचा."

मग मात्र कात्री कचाकच चालली. सतराच्या सतरा दोरे जमिनीवर पडले. वायरी पुसून लटकवल्यावर कुठली कोण ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

तपासणीच्या दिवशी अकराच्या ठोक्याला परीक्षक बाई आल्या. आयुष्य कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेलेलं, चष्मा दोरीला, फॉर्म हातात. बरोबर क्लबचे पाच-सहा सभासद आणि एक फोटोवाला. काका कडक इस्त्रीत टेंभा मिरवत उभा.

बाईंनी आत वाकून पाहिलं. "जोडणी नीटस आहे. कुणी केली?"

"मी. एकूण एक वायर."

"सगळ्या काळ्या? आणि खुणा नाहीत?"

"स्वतःच्या कामाला खुणा कशाला लागतात, बाई? डोळे मिटून सांगेन."

"डोळे उघडे ठेवूनच सांगा," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीच्या टोकानं एक वायर उचलली. "ही?"

काकानं घसा साफ केला. "ही… पुढचे दिवे."

बाईंनी वायरवालीकडे बघून मान हलवली. तिनं बॅटरी जोडली आणि फ्यूज लावलेली तार त्या टोकाला टेकवली. हॉर्न असा बोंबलला की एका सभासदाचा चहा शर्टावर सांडला.

"बरं. आणि ही?"

"पेट्रोलचा काटा. खात्रीनं."

वायपर कोरड्या काचेवर करकरत नाचायला लागला. फोटोवाल्याला हसू आवरेना. बाईंनी तिसरी वायर उचलली आणि काकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अजून चौदा आहेत," बाई म्हणाल्या. "त्या विचारू, की एकच प्रश्न विचारू? गाडी कुणी केली?"

काकानं वायरवालीकडे पाहिलं. सावरून घे, पोरी, असं ते पाहणं होतं. अठरा वर्षं तिनं ह्याच घटकेची वाट पाहिली होती. तिनं फडक्याला हात पुसले आणि आनंद लपवायची जराही तसदी घेतली नाही.

"सांगा ना काका. मलाही ऐकायचंय."

"हिच्या वडिलांनी," काका म्हणाला.

"आणि तुम्ही काय करत होता?" वायरवालीनं विचारलं.

काकानं मान खाली घातली.

"मी पाने उचलून देत होतो."

बाईंनी फॉर्मवरचं त्याचं नाव खोडलं, वायरवालीकडून वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर विचारून लिहून घेतलं आणि निघाल्या. सभासदही काढता पाय घेऊन पसार झाले. काका गाडीच्या पायरीवर मटकन बसला. कडक इस्त्रीला ग्रीस लागलं त्याचं त्याला भान नव्हतं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता जोडून दे. चारला मिरवणूक आहे. सगळं गाव बघायला उभं राहणार. तिथेही नाही गेलो तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

"मला नाही येत," वायरवाली म्हणाली. "मी दोरे बघून जोडते. दोरे तुम्ही कापायला लावलेत."

"टेस्टलँप लावून एकेक वायर शोध!"

"शोधते. चार दिवस लागतील. घाईत एक जरी चुकली तरी गाडी पेटेल."

"मग मी करू काय?"

"बाबा आहेत ना. नऊ वर्षांत त्यांना दोऱ्यांचीही गरज उरली नव्हती. लांबीवरून आणि टोकाच्या वळणावरून, नुसती बोटांत धरून सांगतात ते, कुठली वायर कुणाची. तासाभरात गाडी रस्त्यावर."

काकानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. हळूच विचारलं, "येतील ते?"

"मी बोलावलं तर नाही यायचे. तुम्हीच जा. घर तेच आहे, दार दिवसभर उघडं असतं." तिनं त्याच्यासाठी दुकानाचं दार पुरतं उघडून धरलं. "आणि काका, विनवणी जरा मोठ्यानं करा. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल."