माळेला दिलेला जोड

ब्रेंडाच्या रोसाला, म्हणजे नारळाच्या रसाने नवरीला न्हाऊ घालायच्या दिवसाला, दोनच दिवस उरले होते आणि तिच्या बापाच्या, रोझारियोच्या घराची पुढची भिंत अजून बोडकीच होती. लग्नघर कुठलं, हे शिरोड्यात दिव्यांच्या माळांवरून कळतं. या घरात मात्र तीन वर्षं नाताळातसुद्धा माळ लागली नव्हती. पहिलं वर्ष दुखवट्याचं, ते सगळ्यांनाच मान्य. पुढे लोक म्हणू लागले, बघा बापाचं काळीज! हे ऐकलं की रोझारियो मान खाली घालायचा, आणि लोक त्याचंही कौतुक करायचे.

खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. क्लाइव्ह, त्याचा बावीस वर्षांचा मुलगा, याच भिंतीवर नाताळची माळ लावत होता. प्लगपर्यंत पोचायला माळ हातभर कमी पडली. रोझारियोने जुन्या इस्त्रीची वायर तोडून तिला जोडून दिली. काळी टेप संपली होती. तेवढ्यासाठी बाजारात कोण जाणार? त्याने जोडावर प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी गुंडाळली, म्हणाला, "चलता रे," आणि बटण दाबलं. अंगणात नुकतंच पाणी मारलेलं, क्लाइव्ह अनवाणी. लोंबणारा जोड खिळ्यात अडकवायला त्याने हात लावला. पोराला ओरडायलाही सवड मिळाली नाही.

माणसं जमायच्या आत रोझारियोने तो जोड कापला आणि विहिरीत टाकला. भ्याला होता, दुसरं काही नाही. पंचनाम्याला माळ तेवढी गेली, आणि माळ विकली होती सुशांतने.

सुशांत क्लाइव्हचा शाळासोबती. बाजारात त्याचं इलेक्ट्रिकचं छोटं दुकान. पोलिसांनी त्याला सोडलं, क्लाइव्हच्या आईने, वेरोनिकाने सोडलं नाही. दुकानावरून जाताना ती तोंड फिरवायची. तिचं बघून इतरांनीही तिथून साधा बल्ब घ्यायचं बंद केलं. रोझारियो मूग गिळून बसला.

त्या दुपारी सुशांतच फाटकातून आत आला. खांद्यावर शिडी, हातात माळांची पिशवी. ब्रेंडाने आईला न विचारता त्याला बोलावलं होतं. त्याची अर्धी माळ लावून झाली, तेवढ्यात वेरोनिका परसातून नारळ घेऊन आली.

"तुका हंय कोणी बोलवल्यान?" तिच्या हातातले नारळ खाली गडगडले. "माझ्या झीलाक खाल्लंस, आता चेडवाक खावक इलंस?"

लावलेली माळ उतरवून सुशांत हातावर गुंडाळू लागला. पडवीत बसलेल्या रोझारियोने सुटकेचा श्वास सोडला. अजून दोन मिनिटं, की पोरगा जाईल आणि पुन्हा सगळं झाकलेलं राहील.

पण जाता जाता सुशांत वेरोनिकासमोर थांबला. "माफ करा आंटी," तो म्हणाला. "माळ माझीच होती."

आपलं पाप दुसऱ्याच्या तोंडून कबूल होताना ऐकलं आणि रोझारियोच्याने बसवेना.

"वेरोनिका, माळ बरी होती," तो म्हणाला. "जोड माझो होतो."

तिला कळलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं, इस्त्रीची वायर, पिशवीची पट्टी, विहीर. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. तिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. ती जागची हलली नाही.

सुशांत मात्र पायरीवर मटकन बसला, आणि एवढा थोरला बाप्या ढसाढसा रडू लागला.

"अंकल, तीन वर्षां माका झोप नाय. माझ्याच माळेन माझो दोस्त गेलो म्हणान. तेव्हा दुकानात उरलेल्यो माळो सगळ्यो जाळून टाकलंय मी."

रोझारियोच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. जग काही म्हणो, आपण निर्दोष आहोत हे त्या पोराला तरी आतून ठाऊक असेल, असं स्वतःला समजावत त्याने तीन वर्षं काढली होती. आता त्याला स्वतःची शिसारी आली.

वेरोनिका सुशांतच्या शेजारी पायरीवर बसली. त्याचं डोकं तिने खांद्यावर घेतलं. "रडा नको रे पुता," ती म्हणाली, आणि तिचेही डोळे वाहू लागले.

मग नवऱ्याकडे न बघता ती म्हणाली, "आत जा. चेडवाक सांग. मगे बाजारात जा आनी एकेकाक सांग."

"आनी तू, वेरोनिका? तू माका..."

ती सुशांतच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मागच्या खोलीतून मावसबहिणींबरोबर हसणाऱ्या ब्रेंडाचा आवाज येत होता. तीन वर्षांत ती अशी हसली नव्हती. "डॅडी, माळ लागली काय?" तिने हाक मारली. "बघूक येव?"

"थंयच रव गो," रोझारियो म्हणाला. "मीच येतंय."

त्याने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तो आत गेला.